पिवळी गोळी, पांढरं पाकीट

फोलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी तुरीच्या डाळीएवढी असते आणि रंगानंही साधारण तशीच. या जीवनसत्त्वाची भुकटीच मुळात पिवळी. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात सिकलसेलचा रुग्ण असलेल्या घरी ही गोळी बहुधा खुंटीला अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सापडते. सोबत तपासणीचं कार्ड, दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्या, अर्धी संपलेली पॅरासिटामॉलची पट्टी. पावसाळा सरत आला की त्याच पिशवीत कधी कधी आणखी एक पाकीट येऊन पडतं. ते थंडीतापाचं. २०१३च्या राष्ट्रीय औषध धोरणानं फाल्सिपेरम मलेरियाची ही पाकिटं वयाप्रमाणे रंगवली होती: तान्ह्या बाळाला गुलाबी, पुढे पिवळं, हिरवं, लाल, आणि पंधरा वर्षांच्या वरच्या सगळ्यांना पांढरं. पाकिटात तीन दिवसांचं आर्टेसुनेट आणि पहिल्या दिवशी एकदाच घ्यायचं सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन.

पिवळी गोळी शरीराला फोलेट पुरवते. पांढऱ्या पाकिटातलं दुसरं औषध मलेरियाच्या जंतूला फोलेटवाचून मारतं. आणि दोन्ही जातात एकाच पोटात.

औषधांमुळे जीवनसत्त्वं घटतात हा विषय शहरात निघतो तो बहुतेक मधुमेहाच्या निमित्तानं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला डॉक्टर बी-१२ तपासून घ्यायला सांगतात, सुया टोचल्या जातात, विषय संपतो. धानोऱ्याच्या बाजूला तो इतका सुटसुटीत नाही. या जंगलात गेल्या काही दशकांत जी औषधं आली आणि ज्यांनी खरोखर माणसं वाचवली, त्यांतली बरीचशी एकाच जीवनसत्त्वाभोवती घुटमळणारी आहेत.

गडचिरोलीहून पूर्वेकडे निघालेला रस्ता चातगाव, धानोरा, मुरुमगाव करत छत्तीसगडात शिरतो. दोन्ही अंगांना साग, मोह, बांबू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख चंद्रपूरचा, आणि इंग्रजांच्या कागदोपत्री ‘चांदा’. त्या काळापासून इथल्या थंडीतापावर सरकारी उपाय एकच होता, क्विनीन. दार्जिलिंग आणि निलगिरीच्या सरकारी सिंकोना मळ्यांतून निघालेलं हे औषध देशात ठिकठिकाणी पोस्टातून पुड्या बांधून विकलं जाई. कडूजहर. कानात घूं घूं आवाज येई, डोकं गरगरे. पण त्याचं फोलेटशी काही वाकडं नव्हतं. फोलेट नावाचं काही असतं हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

ते कळण्याची सुरुवात मुंबईत झाली. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आली. काम होतं गरोदर बायकांच्या एका जीवघेण्या पंडुरोगाचा छडा लावण्याचं. गिरणगावातल्या कामगार बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत आणि बाळंतपणात दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि बेढब दिसत. विल्सबाईंनी आधी जंतू शोधला. सापडला नाही. मग त्यांनी ताटांकडे पाहिलं. ज्यांच्या जेवणात भाजी-फळ जवळपास नाही, त्यांच्यातच हा आजार जास्त. उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले, आणि शेवटी उपाय सापडला तो इंग्रज लोक पावाला लावून खातात त्या मार्माइटमध्ये, म्हणजे दारूच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टच्या अर्कात. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे छापून आलं. गुण कशामुळे येतो हे मात्र कळलं नव्हतं, म्हणून त्या अज्ञात पदार्थाला नुसतंच ‘विल्स फॅक्टर’ म्हणत राहिले.

त्या पदार्थाला नाव मिळालं १९४१ साली. अमेरिकेत टेक्सासच्या संशोधकांनी चार टन पालक उकळून, गाळून, आटवून त्यातून चिमूटभर काहीतरी वेगळं काढलं आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फोलिक ॲसिड म्हटलं. चार टन पालेभाजीतून चिमूट! पुढे लेडर्ले कंपनीत, मूळच्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली, ते प्रयोगशाळेत बनवता येऊ लागलं. पिवळ्या गोळीचं घराणं हे असं: परळ, टेक्सास, न्यूयॉर्कजवळची एक औषध कंपनी, आणि मग खुंटीवरची पिशवी.

सुब्बारावांच्याच चमूनं लगोलग उलटा खेळही मांडला. फोलेटसारखी दिसणारी, पण फोलेटचं काम न करणारी संयुगं त्यांनी घडवली. पेशी फसते, खोटी किल्ली कुलपात घालते आणि कुलूप तिथेच अडकून बसतं. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यातलं ॲमिनोप्टेरिन रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना दिलं. दहा जणांचा आजार काही काळ मागे हटला. आज संधिवाताला जे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा देतात आणि त्याबरोबर वेगळ्या दिवशी फोलिकची गोळी लिहून देतात, ते याच घरातलं.

जंतूंच्या बाबतीत ही युक्ती आधीच चालू होती, फक्त ती युक्ती आहे हे उशिरा उमगलं. सल्फाची औषधं १९३०च्या दशकात आली. ती काम कशी करतात हे १९४० साली डोनाल्ड वुड्स यांनी दाखवलं. जंतूला फोलेट स्वतः रांधावं लागतं. सल्फा त्याच्या चुलीवरचं पहिलंच भांडं पळवते. माणूस फोलेट रांधतच नाही, तो ते भाजीतून आयतं खातो. म्हणून जंतू मरतो आणि माणूस तगतो. कुष्ठरोगावरचं डॅप्सोनही याच वाटेनं जातं. १९४९ साली वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभं करायला घेतलं, त्या सुमारास कडू तेलाच्या सुया मागे पडून हे गोळीचं औषध कुष्ठरोगात रुळत होतं. बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्स आणि गर्ट्रूड एलियन यांनी फोलेटच्या रांधपातली पुढची पायरी पकडली. त्यातून मलेरियासाठी पायरीमेथामिन निघालं आणि जंतुसंसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम. दोघांना १९८८ साली नोबेल मिळालं.

नेमक्या त्याच सुमारास गडचिरोलीच्या गावांत ट्रायमेथोप्रिमची वेगळीच परीक्षा चालली होती.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीला आले. त्यांची ‘सर्च’ ही संस्था पुढे धानोरा तालुक्यात चातगावजवळ शोधग्राम वसवून राहिली. पण त्याच्याआधीच त्यांनी न्यूमोनियाचा प्रश्न हाती घेतला होता. इथली लहान मुलं न्यूमोनियानं मरत होती आणि डॉक्टर कोसच्या कोस दूर. मग औषध गावातल्याच माणसाच्या हाती द्यायचं ठरलं. अडचण अशी, की न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटाला किती श्वास पडतात ते मोजावं लागतं, आणि गावच्या दाईला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नसे. त्यावर निघालेला तोडगा बघण्यासारखा आहे. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून मोजायचं. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. गणित दहापर्यंतचंच.

ते औषध म्हणजे को-ट्रायमोक्साझोल. त्यात सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम दोन्ही, म्हणजे जंतूच्या फोलेटवर दोन ठिकाणी घाला. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधातले आकडे आजही थांबून वाचावेत असे आहेत: या पद्धतीनं उपचार झालेल्या ६१२ आजारी मुलांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के, तर जिथे हा कार्यक्रम नव्हता त्या गावांत १३.५ टक्के. पोरं जंतूंची उपासमार करून वाचली. त्यातली कितीतरी पोरं स्वतःच उपाशी होती, ही त्यातली कडू गंमत. माणसाच्या पेशीवर ट्रायमेथोप्रिमचा जोर अगदीच कमी चालतो आणि औषध थोड्या दिवसांचं, म्हणून नफा-तोट्याचा हिशेब सरळ होता. हेच औषध मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ चाललं, आणि ताटात आधीच पालेभाजी नसली, तर रक्तात विल्सबाईंनी पाहिलेल्या त्याच बेढब पेशी दिसू शकतात.

सिकलसेलचं प्रकरण याहून जुनं, आणि त्याची मुळं मलेरियातच आहेत.

भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली, निलगिरीतल्या आदिवासींमध्ये. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली, आणि विदर्भ या नकाशावर आला. मधल्या काळात, १९५४ साली, ॲन्थनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली होती. सिकलसेलचं जनुक आई-बापांपैकी एकाकडूनच आलेल्या माणसाला फाल्सिपेरम मलेरिया तितकासा मारत नाही. म्हणजे जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया, तिथे हे जनुक टिकून राहतं, वाढतं. ज्या मुलाला मात्र ते दोन्हीकडून मिळतं, त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. निरोगी पेशी १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत मोडते. मोडेल तितकं नवं घडवावं लागतं, आणि नवी पेशी घडवायला फोलेट लागतं. म्हणून पिवळी गोळी, रोज, वर्षानुवर्षं.

‘सर्च’नं गडचिरोलीत आल्या आल्या सिकलसेलचाही अभ्यास केला होता. इथे तो आहे हे सिद्ध झालं, पण लोकांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांच्या लेखी पोटात दुखणारे, ताप चढवणारे, पोरं नेणारे आजार पुढचे होते. संशोधकाला महत्त्वाचा वाटणारा आजार लोकांना तसा वाटेलच असं नाही, हा धडा बंग दांपत्य पुढे जाहीरपणे सांगत आलं आहे. सरकारी पातळीवर सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं ते थेट १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून, २०४७ पर्यंत आजार हटवण्याचं उद्दिष्ट ठेवून.

दरम्यान मलेरियानं आपली चाल बदलली होती. १९५३ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानं आणि डीडीटीच्या फवारणीनं तो इतका खाली आला, की संपलाच असं वाटलं. पण १९७६ मध्ये देशात पुन्हा चौसष्ट लाखांवर रुग्ण झाले. १९७३ मध्ये आसामात क्लोरोक्विनला न जुमानणारा फाल्सिपेरम पहिल्यांदा सापडला होता, आणि पुढची वर्षं तो पसरत गेला. म्हणून औषधांच्या जोडीची वेळ आली: आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन. महाराष्ट्रात मलेरियाचं नाव निघालं की पहिलं बोट गडचिरोलीकडे वळतं, त्यामुळे ही जोडी इथल्या आशाताईंच्या पेटीत पक्की बसली. बोटाला टोचायचं, पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा, रेघा उमटल्या की वयाप्रमाणे रंग बघून पाकीट द्यायचं आणि पहिला डोस समोर गिळायला लावायचा.

इथे पिवळी गोळी आडवी येते. मलेरियाच्या जंतूला बाहेरून आलेलं फोलिक ॲसिडही वापरता येतं. त्याची चूल विझवली आणि शेजारून कुणी शिजलेलं पाठवलं, तर तो जगतो. ही नुसती शंका राहिली नाही. पश्चिम केनियात मलेरिया झालेल्या गरोदर बायकांना सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन देऊन तीन गट केले. एका गटाला फोलिक ॲसिड नाही, दुसऱ्याला ०.४ मिलिग्रॅम, तिसऱ्याला ५ मिलिग्रॅम. पहिल्या दोन गटांत फरक पडला नाही. तिसऱ्या गटात औषध फसण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि या औषधाबरोबर ५ मिलिग्रॅमची गोळी देऊ नये, लहान मात्रा चालेल, असं जागतिक आरोग्य संघटना सांगू लागली.

आपल्याकडे गरोदर बाईला मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळीत फोलिक ॲसिड अर्धा मिलिग्रॅमच असतं, तेव्हा तिथे फारशी चिंता नाही. प्रश्न आहे तो सिकलसेलवाल्याच्या ५ मिलिग्रॅमचा. त्याला मलेरिया झाला तर काय आधी आणि काय काही दिवस थांबवायचं, हे डॉक्टरनं त्या माणसाकडे पाहून ठरवायचं असतं. रुग्णानं आपल्या मनानं यातलं काहीच सोडायचं नसतं, कारण सिकलसेलमध्ये मलेरिया अंगावर काढणं हे सगळ्यांत महागात पडतं. पण डॉक्टरला ठरवता यावं यासाठी त्याला पिशवी दिसली पाहिजे. सिकलसेलचं रजिस्टर वेगळं, मलेरियाचं वेगळं, गरोदर मातांचं वेगळं. प्रत्येक कार्यक्रमाचा माणूस आपापली पट्टी देऊन जातो. सगळ्या पट्ट्या एकत्र येतात त्या फक्त त्या खुंटीवर. आशाताईनं पाकीट फोडण्याआधी ‘आणखी कोणती गोळी चालू आहे?’ एवढं विचारलं तर अर्धं काम होतं.

क्षयरोगाच्या बाबतीत मात्र असा पेच पडला नाही, आणि त्याचं श्रेय बऱ्याच अंशी मद्रासला जातं. आयसोनियाझिड १९५२ साली आलं. स्वस्त, तोंडानं घ्यायचं, गुणकारी. लवकरच रुग्ण हातापायांना मुंग्या येतात, तळव्यांची आग होते म्हणून तक्रार करू लागले. १९५४ मध्ये उलगडा झाला: औषध शरीरातल्या बी-६ जीवनसत्त्वाला चिकटतं आणि त्याला लघवीवाटे घेऊन बाहेर पडतं. मद्रासला १९५६ मध्ये क्षयरोग उपचार केंद्र सुरू झालं होतं. गरीब रुग्णाला सॅनेटोरियममध्ये न ठेवता घरीच औषध दिलं तरी तो तितकाच बरा होतो, हे त्यानं जगाला दाखवलं. त्याच केंद्रानं १९६३ मध्ये बी-६ चे प्रयोग छापले. अगदी थोडे मिलिग्रॅम पायरीडॉक्सिन रोज दिलं तर नसांचा त्रास टळतो, आणि क्षयावरच्या औषधाची धारही जात नाही. अशक्त, कुपोषित, दारू पिणारे, मधुमेही आणि गरोदर यांना ते आवर्जून द्यावं हे तेव्हापासून पाठ्यपुस्तकात आहे.

धानोऱ्यासारख्या धानाच्या मुलखात ही लक्षणं हुकायला एक स्थानिक कारणही आहे. रोवणीच्या दिवसांत माणसं दिवसच्या दिवस चिखलात उभी असतात. पायांची आग झाली की ‘चिखल्या झाल्या असतील’ म्हणून तेल-हळद लावली जाते. रोवणी संपते आणि आग थांबत नाही, तेव्हा कुठे गोळ्यांची आठवण निघते.

दारूचा मुद्दा टाळून चालणार नाही. मोह हे इथलं अन्नही आहे, देवाचा नैवेद्यही आणि दारूही. २७ मार्च १९९३ पासून गडचिरोलीत दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. रोजची दारू फोलेट आतड्यातून शोषू देत नाही आणि बी-६ ही खाते, म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही भानगडींत ती तिसरी बाजू होऊन बसते. मिरगी म्हणजे अपस्माराच्या फेनिटॉइनचंही तेच. वर्षानुवर्षं घेतलं तर फोलेट उतरतं आणि ड जीवनसत्त्वही.

बाकी उरतं ते ताट. डॉ. राणी बंग यांनी इथल्या बायकांशी बोलून झाडांवर ‘गोईण’ हे पुस्तक लिहिलं. गोईण म्हणजे मैत्रीण. जंगल हे या बायकांचं किराणा दुकानही आहे आणि औषधाचं कपाटही. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत बांधावर, रस्त्याकडेला, गुरांच्या गोठ्यामागे तरोटा उगवतो. कोवळी पानं ओरबाडून पदरात आणायची, धुवून, चिरून, लसूण-मिरचीवर परतायची. टेक्सासवाल्यांनी चार टन पालकातून जे काढलं ते यात फुकट असतं. मग काटवल येतं, बांबूचे वास्ते येतात, सात्या म्हणजे रानातली अळंबी येते.

भाजी फार वेळ शिजवली की फोलेट जातं, वाळवून ठेवली तरी बरंचसं जातं. आणि तरोट्याची पानं फक्त कोवळी असतानाच खाण्याजोगी. भादव्यात त्याला पिवळी फुलं लागतात, दसऱ्यापर्यंत लांब शेंगा लोंबू लागतात आणि पान चोथ्यासारखं राठ होतं. फाल्सिपेरमचा जोर मध्य भारतात चढतो तो साधारण त्याच वेळी, पाऊस उघडल्यावर, धान कापणीला आलेलं असताना.